दाखल नोंदवहीत खेळांनाही एक पान हवे

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि ग्रंथपाल,
सांगली जिल्ह्यातील सर्व सार्वजनिक ग्रंथालये

विषय : व्हिडिओ गेमच्या मूळ सीडी, डीव्हीडी आणि जुन्या मोबाइलमधले खेळ ग्रंथालयात दाखल करून घेण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

१८६७ च्या नोंदणी कायद्याआधी छापलेल्या मराठी पुस्तकांना आपण दोलामुद्रिते म्हणतो, म्हणजे पाळण्यात असलेल्या छपाईची पुस्तके. पुस्तक छापले की सरकारकडे प्रत द्यायची, ही सक्ती तेव्हा नव्हती. जी पुस्तके उरली ती कुणाच्या तरी कपाटात, माळ्यावर, देवघरामागच्या ट्रंकेत पडून होती म्हणून उरली. व्हिडिओ गेम आपल्याकडे आज त्याच अवस्थेत आहेत. प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवावी असे सांगणारा १९५४ चा कायदा छापील मजकुरापुरता आहे. फ्रान्सने १९९२ मध्येच असा कायदा संगणकीय माध्यमांपर्यंत वाढवला, त्यामुळे तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात पुस्तकांसोबत व्हिडिओ गेमही जमा होतात. आपल्याकडे खेळाची प्रत सांभाळणे हे कुणाचेच काम नाही.

ते काम तुम्ही अंगावर घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र. वेगळी इमारत नको, अनुदानाची वाट पाहायला नको. दाखल नोंदवहीत एक नवे पान, एक लोखंडी कपाट, एक जुना संगणक आणि आठवड्यातले दोन तास एवढ्यावर सुरुवात होते.

आता ‘विकत घेतलेला खेळ’ म्हणजे काय, ते आधी बघू. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले, आणि एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरशिवाय उघडत नसल्यामुळे खेळच संपला. ज्यांच्याकडे पैसे मोजून घेतलेली डिस्क होती त्यांच्या हातात चकती उरली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे : ऑनलाइन दुकानाने फक्त वापराचा परवाना देत असताना ‘विकत घ्या’ असे बटण ठेवायचे असेल, तर हा परवाना आहे, मालकी नव्हे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. स्टीम या दुकानावर पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ ऑक्टोबर २०२४ पासूनच दिसू लागली.

आपल्याकडची उदाहरणे तर शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा थांबली. फ्री फायर १४ फेब्रुवारी २०२२ ला गेला. बंदी योग्य की अयोग्य हा इथे मुद्दा नाही. मुद्दा एवढाच की त्यात पैसे घालून घेतलेली एकही वस्तू कुणाच्या मोबाइलमध्ये कधी नव्हतीच, ती दूरच्या सर्व्हरवरच्या नोंदीत होती. पबजीच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेल्या खेळात जुने खाते नेता आले, पण तेही कंपनीने दार उघडे ठेवले म्हणून.

म्हणून आम्ही मालकीची एकच कसोटी वापरतो. कोऱ्या संगणकावर, इंटरनेटची वायर काढून, हातातल्या वस्तूवरून खेळ बसवून बघा. तो बसला आणि चाललाही, तर ती वस्तू दाखल करण्याजोगी आहे. चालला नाही तर तुमच्याकडे फक्त खोके आहे. ही कसोटी नोंदवहीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना. अलीकडच्या डिस्कवर पुष्कळदा अर्धाच खेळ असतो आणि उरलेला पहिल्या दिवशीच डाउनलोड करावा लागतो. निन्टेंडो स्विच २ साठी २०२५ पासून निघणाऱ्या ‘गेम-की कार्ड’मध्ये तर खेळ नसतोच, नुसती किल्ली असते. कार्ड हातात आहे म्हणून खेळ हातात आहे असे समजू नका.

याच कारणाने, कुणी प्रेमाने आपल्या स्टीम खात्याचा पासवर्ड ग्रंथालयाला दान करायला आला तर चहा पाजून परत पाठवा. खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, हे त्या कराराच्या अटींतच आहे.

कपाटात काय येईल

आवाहनाचा फलक लावलात तर पहिल्या महिन्यात येणाऱ्या वस्तूंपैकी बहुतेक ‘बर्न’ केलेल्या सीडी असतील, वर स्केचपेनने खेळाचे नाव. आपल्या भागात खेळ पसरले ते असेच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या बेकायदा प्रती आहेत आणि ग्रंथालयाने त्या दाखल करू नयेत. ‘९९९९ इन १’ छापाची टीव्ही गेमची कार्ट्रिजही त्यातलीच. आकडा ९९९९ असला तरी आत मोजके खेळ असतात आणि तेच वेगवेगळ्या पातळ्यांपासून सुरू करून यादी फुगवलेली असते. अशी कार्ट्रिज एक-दोन वस्तू म्हणून काचेच्या कपाटात ठेवा, त्यांची फाइल मात्र करू नका.

हाती घेण्याजोगे तीन प्रकार आहेत.

पहिला तुमच्याच नियतकालिक विभागात आहे. ‘डिजिट’, ‘चिप’ अशा संगणक मासिकांसोबत सीडी आणि नंतर डीव्हीडी येत. त्यांत खेळांचे नमुने, दुरुस्तीचे पॅच, कधी पूर्ण खेळही असत. अंक रद्दीत आणि सीडी ड्रॉवरमध्ये, किंवा उलट, अशी फाटाफूट झालेली असते. सीडीवरच्या महिन्यावरून अंकाशी जोडी लावा, कारण काय बसवायचे आणि कसे, हे अंकाच्या पानावर छापलेले असते.

दुसरा प्रकार म्हणजे दुकानातून घेतलेले खोकेबंद खेळ. इथे डिस्कइतकीच माहितीपुस्तिका महत्त्वाची. बसवताना लागणारा किल्ली-क्रमांक बहुतेकदा पुस्तिकेच्या पाठीवर किंवा सीडीच्या डबीवर चिकटवलेला असतो, तो गेला की अस्सल डिस्कही बसत नाही. जुन्या डॉस खेळांत तर पुस्तिका हेच कुलूप असे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मध्येच थांबवून पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचे अक्षर विचारतो. म्हणून पुस्तिका, खोके आणि आतला प्रत्येक कागद ३०० डीपीआयने स्कॅन करा.

तिसरा प्रकार सर्वांत नाजूक आणि सर्वांत आपला : साध्या मोबाइलमधले जावा खेळ. हे खेळ मोबाइल कंपन्यांच्या वॅप पोर्टलवरून, म्हणजे साध्या फोनवर उघडणाऱ्या संकेतस्थळांवरून, बॅलन्स कापून उतरवले जात. ती पोर्टल बंद पडली, दुकानात डिस्क कधी नव्हतीच. भारतात बनलेले क्रिकेटचे आणि सिनेमांवरचे कित्येक खेळ आज उरले असतील तर कुणाच्या तरी बंद पडलेल्या नोकियात. त्यातही एकच खेळ प्रत्येक पडद्यासाठी वेगळा बनवलेला असे : १२८ × १२८, १२८ × १६०, १७६ × २०८, २४० × ३२०. नाव तेच पण चित्रे वेगळी, कधी पातळ्याही कमी. त्यामुळे नोंदीत खेळाच्या नावापुढे मोबाइलचा मॉडेल क्रमांक लिहिलाच पाहिजे.

असा मोबाइल आला की आधी बॅटरी काढून बघा. फुगलेली असेल तर लावू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या आणि त्याच मापाची नवी घाला. मग डेटा केबलने जोडून खेळाची जार फाइल (खेळ हाच) आणि सोबतची जॅड फाइल (त्याची माहिती) दोन्ही उतरवा. ब्लूटूथने पाठवायला गेलात तर पुष्कळ फोन नकार देतात, कारण विकत घेतलेल्या फाइलला पुढे न पाठवण्याचे कुलूप असे. उतरलेली फाइल जुने जावा खेळ चालवणाऱ्या, अँड्रॉइडवरच्या जे-टू-एमई लोडर या अ‍ॅपवर चालवून बघता येते. मेमरी रीसेट करून बघू, असा मोह आवरा. रीसेटमध्ये जे जाते ते परत येत नाही. फोनमधले फोटो आणि मेसेज दात्याचे असतात. खेळाच्या फाइल घेऊन झाल्या की बाकीचे दात्यासमोर पुसा किंवा फोन परत करा. सायबर कॅफेच्या जुन्या हार्ड डिस्क याच कारणाने अख्ख्या घेऊ नयेत.

डिस्कची प्रत कशी काढायची

डिस्क धुवायची झाली तर कोमट पाण्याचा ओघ आणि साध्या साबणाचा थेंब पुरतो. मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ ओढायचे, गोल गोल कधीच नाही. गोल ओरखडा एकाच मार्गावरची सलग माहिती खातो, आडवा ओरखडा थोडी थोडी खातो आणि ती वाचकयंत्र दुरुस्त करू शकते. सीडीची माहिती खालच्या चकचकीत बाजूला असते असा समज आहे. प्रत्यक्षात ती लेबलच्या लगेच खाली असते, वर फक्त लाखेचा पातळ थर. त्यामुळे खालचा ओरखडा पॉलिश करून निघतो, पण लेबलवरचा निघत नाही. दाखल क्रमांक लिहायचा तर मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईने. ग्रंथालयाचा रबरी शिक्का आणि कागदी स्टिकर डिस्कवर नको : स्टिकर चकतीचा तोल बिघडवतो आणि सोलताना लाखेसकट चंदेरी थर घेऊन येतो. पुस्तकावर शिक्का मारायची सवय इथे विसरायची.

प्रत काढण्यासाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे डीव्हीडी ड्राइव्ह लागतात. एका ड्राइव्हवर प्रत काढा, त्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, एक अक्षर बदलले तरी ती बदलते) काढा, मग दुसऱ्या ड्राइव्हवर तेच करा. दोन्ही आकडे जुळले तर प्रत खरी. न जुळल्यास डिस्क पुन्हा पुसून तिसऱ्यांदा वाचा. खराब डिस्कसाठी लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू वापरा. तो आधी चांगला भाग उचलतो आणि मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जातो. वाचनाचा ठोकळा २०४८ बाइटचा ठेवा.

सर्वाधिक होणारी चूक म्हणजे सगळ्या सीडी डोळे मिटून आयएसओ या एका-फाइलच्या स्वरूपात काढणे. १९९० च्या दशकातल्या अनेक खेळांचे संगीत त्याच सीडीवर साध्या गाण्याच्या ट्रॅकसारखे असते. आयएसओ पहिला डेटा ट्रॅक उचलते आणि गाणी मागे राहतात. खेळ चालतो, पण मुका, आणि हे दहा वर्षांनी लक्षात येते तेव्हा डिस्क गेलेली असते. अशा सीडी बिन आणि क्यू स्वरूपात काढा. त्यात प्रत्येक सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या ठोकळ्याचे, पूर्ण २३५२ बाइट येतात, त्यामुळे ७०० एमबीची सीडी ८०० एमबीच्या वर जाते. ते बरोबरच आहे. डीव्हीडीला आयएसओ चालते.

दुसरा चकवा सेफडिस्कसारख्या, डिस्कची नक्कल रोखणाऱ्या कुलपांचा. त्यांत काही सेक्टर कारखान्यातच मुद्दाम न वाचता येणारे केलेले असतात, त्यामुळे कोरी करकरीत डिस्कही चुका दाखवते. दोन्ही ड्राइव्हवर चुका नेमक्या त्याच सेक्टरांवर येत असतील तर ते बहुधा कुलूप आहे. जागा बदलत असतील तर तो मळ किंवा ओरखडा. तसे नोंदवहीत लिहा. आणि या कुलपाला लागणारा ड्रायव्हर (विंडोजमधला जोड-प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये दिलाच नाही, सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने जुन्या विंडोजमध्येही बंद केला. कारणही योग्य होते, त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचे भोक होते. परिणाम असा की पावतीसह घेतलेला खेळ आजच्या संगणकात नुसता गप्प बसतो. म्हणून विंडोज एक्सपी असलेला एक जुना संगणक जपून ठेवा, आणि त्याला इंटरनेट कधीही जोडू नका.

जागेचा हिशेब सोपा आहे. ५०० सीडी, प्रत्येकी ८५० एमबी धरून, ४२५ जीबी. २०० डीव्हीडी, प्रत्येकी ४.७ जीबी, म्हणजे ९४० जीबी. अख्ख्या तालुक्याचा संग्रह २ टीबीच्या एका हार्ड डिस्कवर मावतो. अशा दोन डिस्क घ्या, वेगळ्या कंपन्यांच्या. त्या फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट करू नका, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही आणि डीव्हीडीची प्रत तिथेच अडते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस ठेवा. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी टाळा, वीज न मिळता पडून राहिली की तिच्यातली माहिती झिजते. वर्षातून एकदा हार्ड डिस्क जोडून सगळे एसएचए आकडे पुन्हा तपासायचे. वार्षिक पुस्तकपडताळणीसोबत हे बसून जाते.

पाणी आणि ऊन

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आपल्या शहरातल्या ग्रंथसंपदेचे काय झाले, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. २००५ होते, २०२१ ही होते. म्हणून कपाट वरच्या मजल्यावर आणि दुसरी हार्ड डिस्क वेगळ्या गावात. सांगलीची प्रत जतच्या ग्रंथालयात आणि जतची सांगलीत, अशी अदलाबदल झाली तर कुणाचाच खर्च वाढत नाही. तालुक्यांच्या उंचसखलपणाचा एवढा तरी फायदा घेऊ या.

पुरात भिजलेली डिस्क वाळण्याआधी स्वच्छ पाण्यात बुडवून गाळ सोडवायचा, कारण वाळलेला गाळ पुसताना कानशीसारखा घासतो. मग उभी करून सावलीत वाळवायची. हार्ड डिस्क भिजली असेल तर ‘चालू होते का बघू’ म्हणून वीज देऊ नका, तेवढ्या एका प्रयत्नात पृष्ठभाग खरवडला जातो. पत्र्याखालचा माळा ही उरलेल्या वर्षभराची आपत्ती : मे महिन्यात तिथे प्लॅस्टिकचे पाकीट डिस्कला चिकटते. डबीत, उभी, अंधारात ठेवलेली डिस्क सर्वाधिक टिकते.

कायदा काय म्हणतो

इथे कार्यकारी मंडळातले वकील सदस्य हरकत घेतील, आणि घ्यावीच. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीत मोजतो. प्रोग्राम भाड्याने देण्याचा हक्क मालकाचा, हे खरे. पण २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम २ (एफए) सांगते की ना-नफा ग्रंथालयाने कायदेशीर मिळवलेली प्रोग्रामची प्रत नफ्याविना वाचकाला वापरायला दिली, तर ते ‘व्यापारी भाडे’ नव्हे. म्हणजे मूळ डिस्क देवघेव विभागात ठेवायला हे कलम आड येत नाही. वर्गणीदाराला पुस्तक देता तशी.

बॅकअपसाठी कलम ५२ (१) (एए) आहे : प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याने नाश किंवा नुकसान यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून प्रत काढणे हा भंग नाही. म्हणून मूळ डिस्क हातात ठेवा, दानपत्रावर दात्याची सही घ्या, आणि प्रत वाटू नका, संकेतस्थळावर चढवू नका. कुलूप ओलांडण्याबद्दलचे कलम ६५ए भंगाच्या हेतूने केलेल्या कृतीला शिक्षा सांगते. कायद्याने मना न केलेल्या हेतूसाठी त्यात सूट आहे, मात्र दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्याने त्याचे नाव-पत्ता नोंदवून ठेवायचा असतो. तेवढे एक रजिस्टर वाढवा.

अडते ते पुढच्या कलमात. ५२ (१) (एन) अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवू देते, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘अडिजिटल’ प्रत आधीच असेल तरच. पुस्तकाला हे लागू पडते. सीडी जन्मतःच डिजिटल, तिची अडिजिटल प्रत आणायची कुठून? शिवाय (एए) मधली सूट प्रोग्रामपुरती आहे, खेळातली चित्रे आणि संगीत तिच्यात येतात का, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. म्हणून दुसरी विनंती : आपल्या वार्षिक सभेत ठराव करून ग्रंथालय संचालनालयामार्फत केंद्राकडे पाठवावा, की या कलमातला ‘अडिजिटल’ हा शब्द काढावा आणि १९५४ च्या कायद्यात संगणकीय खेळ यावेत. ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा आला, त्यात पैजेच्या पैशाचा विचार आहे, जतनाचा नाही.

युरोपात विकलेला खेळ कंपनीने मारू नये म्हणून नागरिकांनी सह्यांची मोहीम उघडली आणि जुलै २०२५ मध्ये सह्या १० लाखांच्या वर गेल्या. मागणी अशक्य नाही, हे ‘नॉकआउट सिटी’च्या निर्मात्यांनी २०२३ मध्येच दाखवले : सर्व्हर बंद करताना त्यांनी लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती दिली. पण कायदे होईपर्यंत डिस्क थांबणार नाहीत. अमेरिकेत २०२३ मध्ये झालेल्या एका पाहणीत, २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता कुठेच विकत मिळत नाहीत असे आढळले. आपल्याकडे तर अशी यादी करायलाच कुणी बसलेले नाही.

नोंदवहीचे रकाने असे ठेवता येतील : दाखल क्रमांक, दात्याचे नाव व सही, खेळाचे नाव, प्रकाशक, वर्ष, माध्यम, मोबाइल असल्यास मॉडेल, पुस्तिका आहे की नाही, किल्ली-क्रमांक, विनाइंटरनेट चालतो की नाही, चाचणी कोणत्या विंडोजवर घेतली, प्रतीचा एसएचए आकडा, दुसरी प्रत कुठल्या गावी. एसएचए आकडा ६४ अक्षरी असतो, तो हाताने लिहिण्याऐवजी छापून चिकटवा. हाताने लिहिताना एखादे अक्षर चुकतेच, आणि पुढच्या वर्षी चांगली प्रत खोटी ठरते.

ज्या ग्रंथालयाला पहिल्या काही डिस्क करून बघायच्या असतील त्यांनी सेवकांपैकी एकाला आणि एखाद्या कॉलेजच्या मुलाला सोबत बसवावे. आम्ही दोन ड्राइव्ह आणि आयडीई-यूएसबी जोडणी (जुने ड्राइव्ह आजच्या संगणकाला लावायची) घेऊन येऊ. येण्याआधी एवढेच करा : नियतकालिक विभागातल्या मासिकांच्या सीडी एका खोक्यात गोळा करा, आणि या वर्षीच्या निर्लेखनाच्या यादीतून त्या तूर्त वगळा.

आपले,
सांगली-मिरज परिसरातील काही संगणक दुरुस्ती करणारे, प्रोग्रामर आणि ग्रंथालयांचे वर्गणीदार